डाग जावा, पोत राहावा

फोनच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड चालू करून काढलेला एक फोटो घ्या आणि जाणत्या हाताने टचिंग, म्हणजे डागांची दुरुस्ती, केलेला एक पोर्ट्रेट घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. मुरूम दोन्हींतून गेलेले असतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं दोन्हींत फिकी झालेली असतात. तरी पहिला चेहरा मेणाचा वाटतो आणि दुसरा हाडामांसाच्या माणसाचा. डाग तर दोघांनीही काढले. मग पहिल्या फोटोतून डागांबरोबर आणखी काय निघून गेलं?

हे समजून घ्यायचं तर सॉफ्टवेअरच्या आधी त्वचेकडे पाहावं लागतं.

त्वचेवर प्रकाश पडतो तेव्हा

चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचे दोन वाटे होतात. समोरून आलेल्या प्रकाशातला साधारण पाच टक्के भाग त्वचेच्या अगदी वरच्या थरावरूनच परत फिरतो. तो आत शिरतच नाही, त्यामुळे त्याला त्वचेचा रंग लागत नाही. दिव्याचाच रंग घेऊन तो परततो. रोमरंध्रांच्या कडा, बारीक रेघा, गालावरची लव, नाकाच्या शेंड्यावरची चकाकी हे सगळं मुख्यतः या परतलेल्या प्रकाशामुळे दिसतं. त्वचेवरच्या या बारीक नक्षीला आपण ‘पोत’ म्हणू.

उरलेला प्रकाश आत जातो. तिथे मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातला बराचसा भाग शोषून घेतात. बाकीचा प्रकाश त्वचेतल्या तंतूंवर आदळत, दिशा बदलत फिरतो आणि जिथून शिरला त्याच्या थोडा बाजूला बाहेर पडतो. वर्ण दिसतो तो या दुसऱ्या वाट्यामुळे. प्रकाश असा आतून पसरून येतो म्हणूनच जिवंत त्वचा मऊ आणि आतून उजळलेली दिसते.

सगळे रंग आत सारखेच जात नाहीत. लाल प्रकाश सर्वांत खोल आणि दूरवर जातो, निळा लवकर शोषला जातो. डिजिटल फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात. एखादा पोर्ट्रेट सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकेक चॅनल वेगळा पाहा. लाल चॅनलमध्ये चेहरा बराच नितळ दिसेल. निळ्या चॅनलमध्ये त्याच चेहऱ्यावरचं वांग, मुरूम आणि लालसर चट्टे ठळक उठून दिसतील. म्हणजे डाग किती दिसतो हे डागाबरोबर तो टिपणाऱ्या डोळ्यावरही अवलंबून असतं.

काचेवरची पेन्सिल

टचिंगचा जन्म याच कारणातून झाला. एकोणिसाव्या शतकात फोटो ज्यांवर टिपले जात त्या लेप दिलेल्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद द्यायच्या. आज निळा चॅनल उघडल्यावर जो चेहरा दिसतो, जवळपास तसाच त्या काळी छापून यायचा. प्रत्यक्षात जेमतेम जाणवणारे तपकिरी ठिपके कागदावर काळेकुट्ट दिसायचे. म्युनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच चेहऱ्याचे दोन फोटो मांडले, एक जसाच्या तसा आणि दुसरा निगेटिव्हवर हात फिरवलेला. पाहणारे थक्क झाले. पुढे 1873 मध्ये हेरमान फोगेल यांनी काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या प्रकाशाची जाण दिली आणि 1906 पासून लाल रंगही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा मिळू लागल्या. पण तोवर टचिंग ही स्टुडिओतली रोजची कला झाली होती.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथून जास्त प्रकाश आरपार जातो, म्हणून कागद तिथे काळा पडतो. कारागीर निगेटिव्हला एक चिकटसर द्रव हलकेच चोळायचा, म्हणजे पेन्सिल त्यावर धरते. मग खालून उजेड येणाऱ्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने त्या पारदर्शक जागी बारीक बारीक ठिपके देत जायचा. ग्रॅफाइटने थोडा प्रकाश अडवला की छापात डाग फिका होई. जागा सपाट भरून टाकली तर छापात पांढरा ठसा उमटायचा. ठिपके दिले तर खालची नक्षी शाबूत राहून फक्त काळेपणा उतरायचा. 1930 च्या दशकात हॉलिवूडमध्ये जॉर्ज हरेल यांनी काढलेल्या फोटोंत जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावरचे ठिपके अशाच टचिंगने नाहीसे होत आणि त्वचा मात्र झळाळत राही.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही ‘टचिंग’ हा शब्द याच कामासाठी रुळला. आज पेन्सिलीची जागा माउसने आणि डिजिटल पेनने घेतली आहे. पण डाग फिका करताना खालची नक्षी मोडू द्यायची नाही, ही कसोटी तीच आहे.

वीण आणि रंग

हातमागाच्या कापडाचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात: धाग्यांची वीण आणि तिला चढवलेला रंग. चहा सांडला तर रंग बिघडतो, वीण जशीच्या तशी राहते. खिळ्याला अडकून फाटलं तर वीण मोडते. पहिल्या दुरुस्तीला धुलाई लागते, दुसरीला रफू. डाग पडला म्हणून कोणी कापडावर जाड रंगाचा हात मारत नाही, कारण त्याने डाग झाकला तरी वीण बुजते.

चेहऱ्याचंही असंच आहे. डोळ्यांखालचं वर्तुळ, वांग, गालावरची लाली हे रंगातले बदल आहेत. तिथली रोमरंध्रं शाबूत असतात. मुरूम, खपली, ताजा ओरखडा यांनी मात्र वीणच मोडलेली असते. सॉफ्टवेअरमधली त्वचेची सगळी अवजारं या दोन प्रकारांत विभागता येतात. कुठल्या दोषाला कुठलं अवजार, हे कळलं की निम्मं काम झालं.

आकड्यांत वेगळा केलेला पोत

फोटो म्हणजे संगणकासाठी आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याची, म्हणजे पिक्सेलची, उजळता 0 ते 255 या आकड्यांत मोजली जाते. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. गालावरचे ओळीने पाच पिक्सेल घेऊ:

160, 168, 156, 164, 152

यांची सरासरी 160. प्रत्येक पिक्सेल सरासरीपासून किती वर-खाली आहे ते पाहू:

0, +8, –4, +4, –8

160 ही सरासरी म्हणजे तिथला रंग आणि उजेड. वर-खाली होणारे छोटे आकडे म्हणजे पोत. दोन्हींची बेरीज केली की मूळ फोटो जसाच्या तसा परत मिळतो.

आता डोळ्याखाली जाऊ. तिथले पाच पिक्सेल समजा असे आहेत: 140, 148, 136, 144, 132. सरासरी 140 वर आली, पण चढउतार तेच आहेत. त्वचेची वीण ठीक आहे, फक्त उजळता 20 ने उतरली आहे. मग 140 ची सरासरी हळूहळू 155 पर्यंत उचलायची आणि चढउतारांना हात लावायचा नाही. वर्तुळ फिकं होतं, एकही रोमरंध्र बुजत नाही.

या पद्धतीला ‘फ्रीक्वेन्सी सेपरेशन’ म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये तिचे दोन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, होतात. खालच्या लेयरवर फोटो ब्लर केलेला असतो. ब्लर म्हणजे दुसरं काही नाही, प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी. वरच्या लेयरवर मूळ फोटोतून ब्लर वजा करून उरलेली नक्षी असते. वजा आकडे साठवता येत नाहीत, म्हणून मधला राखाडी रंग, म्हणजे 128, हाच शून्य धरतात. त्यामुळे हा लेयर राखाडी पत्र्यावर चेहरा कोरल्यासारखा दिसतो. मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या गिम्पमध्ये 2018 च्या 2.10 या आवृत्तीपासून ‘वेव्हलेट डीकम्पोज’ नावाची सोय आहे. ती याच तत्त्वाने फोटोचे दोनाऐवजी अनेक थर करून देते.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली ब्लरच्या मापात. माप एवढंच ठेवायचं की रोमरंध्रं नाहीशी व्हावीत, पण नाक-गालाचा उठाव नीट दिसत राहावा. ते चेहऱ्याच्या आकाराप्रमाणे बदलतं. पूर्ण फ्रेम भरणाऱ्या चेहऱ्याला मोठं, समूहातल्या चेहऱ्याला लहान. दुसरी चूक खालच्या लेयरवर होते. तो लेयर फक्त रंग धरून ठेवत नाही, चेहऱ्याची ठेवणही तिथेच असते. गालाचं हाड, हनुवटीखालची सावली, नाकाची उतरती बाजू हे सगळं सावकाश बदलणाऱ्या उजेडातून दिसतं. तो लेयर जिकडेतिकडे गुळगुळीत केला की पोत शाबूत राहूनही चेहरा चपटा होतो.

हीलिंग ब्रश: संगणकाचं रफू

वीण मोडली असेल तर नवी वीण आणावी लागते. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आलं, त्या काळी अशा कामाला एका जागचे पिक्सेल उचलून दुसरीकडे जसेच्या तसे ठेवणं हाच मार्ग होता. याला क्लोन म्हणतात. अडचण अशी की कपाळावर उजेड जास्त आणि गालाच्या कडेला कमी असतो. कपाळाची त्वचा गालावर आणली की ठिगळ दिसतं.

2002 साली फोटोशॉप 7 मध्ये हीलिंग ब्रश आला. कुशल रफूगार त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो आणि आजूबाजूच्या विणीत मिसळून टाकतो, तसं हे अवजार वागतं. ते उजळतेचे आकडे उचलत नाही. शेजारच्या पिक्सेलांमधला फरक उचलतं. कपाळावरचे तीन पिक्सेल 200, 204, 198 आहेत असं समजा. यातले फरक आहेत +4 आणि –6. गालावर ज्या जागी ते न्यायचे तिथल्या कडेची उजळता 160 आहे. मग नवे पिक्सेल होतात 160, 164, 158. चढउतार कपाळाचा, उजेड गालाचा. दुरुस्त जागेच्या चारही कडा आजूबाजूशी जुळतील अशा बेताने संगणक उरलेला फरक आतल्या भागात पसरवतो. 2003 मध्ये पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्र्यू ब्लेक यांनी ‘पॉइसाँ इमेज एडिटिंग’ या शोधनिबंधात अशीच एक पद्धत गणिताने मांडली. 2007 साली गिम्पमध्येही हीलिंगचं अवजार आलं.

धागा कुठून घ्यायचा याला महत्त्व आहे. नाकाजवळची रोमरंध्रं मोठी असतात, डोळ्यांखालची त्वचा पातळ आणि बारीक रेघांची असते. गालावरचा मुरूम काढायला शेजारचीच, त्याच दिशेने उजेड पडलेली त्वचा घ्यावी. नाकाची वीण पापणीखाली आणली तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा पुरेसा होतो. केसांच्या किंवा ओठांच्या कडेला तो भिडला तर त्यांचा गडद रंग आत ओढला जातो आणि धूसर डाग पडतो.

डॉज आणि बर्न

तिसरी पद्धत सर्वांत सावकाश चालते. अंधाऱ्या खोलीत फोटो छापताना कागदाच्या एखाद्या भागावरचा प्रकाश काही क्षण अडवला की तो भाग फिका राहतो. याला डॉज म्हणतात. जास्त वेळ प्रकाश दिला की तो गडद होतो, हे बर्न. डिजिटल टचिंगमध्ये उजळ करणारा एक लेयर आणि गडद करणारा एक लेयर घेतात, दोन्ही मास्कने, म्हणजे लेयरचा हवा तो भाग लपवणाऱ्या पडद्याने, झाकून ठेवतात आणि जिथे हवा तिथेच, बारीक ब्रशने, अगदी हलक्या हाताने उघडतात.

गालावर छोटे छोटे काळसर-पांढरट पट्टे दिसतात, ते खरं तर उंचसखलपणामुळे पडलेल्या सावल्या असतात. काळसर पट्टा किंचित उजळ केला, पांढरट किंचित उतरवला, की गाल समतल दिसतो. कुठूनही काही उचलून आणलेलं नसतं. तीच त्वचा, तीच रोमरंध्रं, फक्त उजेडाचा तोल सावरलेला. निगेटिव्हवर पेन्सिलीने ठिपके देणाऱ्या कारागिराचं काम हेच होतं. सुरकुतीलाही ही पद्धत लागू पडते. सुरकुती पुसायची नाही, तिच्यातली सावली थोडी हलकी करायची. वय तसंच राहतं, थकवा उतरतो.

मेणाचा चेहरा कसा तयार होतो

आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर देता येईल. फोनच्या साध्या ब्यूटी फिल्टरला एका क्षणात काम संपवायचं असतं. तो चेहरा शोधतो, त्वचेचा भाग ठरवतो आणि तिथे एक खास ब्लर चालवतो. साध्या ब्लरने भुवया आणि ओठही पसरले असते. म्हणून हा ब्लर उजळतेत जवळ असलेल्या शेजाऱ्यांचीच सरासरी घेतो आणि खूप वेगळ्या शेजाऱ्यांना वगळतो. कार्लो तोमासी आणि रोबेर्तो मांदुची यांनी 1998 मध्ये मांडलेला ‘बायलॅटरल फिल्टर’ हे या घराण्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव.

भुवई आणि त्वचा यांच्या आकड्यांत मोठी तफावत असते, म्हणून भुवईची कड वाचते. रोमरंध्र आणि त्वचा यांच्यात मात्र चार-आठ आकड्यांचाच फरक असतो. फिल्टरला तो दोष वाटतो आणि सगळं एका पातळीवर येतं. आपल्या पाच पिक्सेलांचं 160, 160, 160, 160, 160 होऊन जातं. डाग रंगात होता, फिल्टरने वीणही पुसली. त्यात पापण्या आणि केस धारदार राहतात, त्यामुळे मधला गाल आणखीच रिकामा दिसतो. कमी उजेडात ब्यूटी मोड बंद असूनही असं होऊ शकतं. फोनचा छोटा सेन्सर अंधारात भरपूर रवाळपणा टिपतो, तो काढायला फोन आपणहून गुळगुळीतपणा चालवतो आणि रवाळपणासोबत रोमरंध्रंही जातात.

नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी पोताची उणीव भरून काढली आहे. ती रोमरंध्रंही रंगवून देतात. पण ती रोमरंध्रं त्या माणसाची नसतात. चेहरा जिवंत दिसतो, ओळख मात्र थोडी सरकलेली असते.

सावळ्या त्वचेला जास्त जपावं लागतं

पृष्ठभागावरून परतणारा पाच टक्क्यांचा वाटा मेलॅनिनवर अवलंबून नसतो. गोऱ्या-सावळ्या त्वचेला तो जवळपास सारखाच. सावळ्या त्वचेत आतून परतणारा प्रकाश कमी असतो, त्यामुळे वरची चकाकी तुलनेने जास्त ठळक दिसते. सावळ्या चेहऱ्याची तुकतुकी ती हीच. तिचा बराचसा भाग पोतात असतो. म्हणून गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरचं नुकसान सावळ्या चेहऱ्याला अधिक सोसावं लागतं. तुकतुकी जाते आणि राखट, निस्तेज पट्टा उरतो. त्यावर उजळतेचा स्लाइडर ओढला तर रंगातला उबदारपणाही जातो आणि चेहऱ्याला पावडर थापल्याची कळा येते.

चौकट: कामाचा क्रम

1. मूळ फोटोला हात लावू नका. सगळी दुरुस्ती नव्या लेयरवर करा.
2. आधी फोटोचा उजेड आणि रंगांचा तोल नीट करा. ट्यूबलाइटची हिरवट झाक गेली की निम्मे ‘डाग’ आपोआप जातात.
3. 100 टक्के आकारात पाहून मुरूम, खपली, ओरखडे हीलिंग ब्रशने काढा.
4. वर्तुळं, चट्टे, लाली यांना फ्रीक्वेन्सी सेपरेशन किंवा डॉज-बर्न वापरा.
5. मधूनमधून पूर्ण चेहरा पडद्यावर मावेल इतका लहान करून पाहा. रोमरंध्राएवढ्या जवळून काम करताना हात नेहमी जास्त चालतो.
6. शेवटी लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) थोडी उतरवा आणि मूळ फोटोशी ताडून पाहा.

काय काढावं, काय ठेवावं

एवढी अवजारं हाताशी असली की काहीही काढता येतं, म्हणून काय काढायचं याचा निर्णय आधी करावा लागतो. जाणते टचिंगवाले एक साधा नियम पाळतात: पंधरा दिवसांत आपोआप जाणारी गोष्ट काढायला हरकत नाही. मुरूम, डास चावल्याची गांधी, दाढी करताना लागलेली चीर या त्या दिवसाच्या गोष्टी आहेत. तीळ, जन्मखूण, जुना व्रण, खळी या त्या माणसाच्या आहेत. शाळेच्या किंवा सरकारी कागदांत आपण ज्यांना ओळखखूण म्हणून लिहून देतो, त्या विचारल्याशिवाय पुसू नयेत. पासपोर्टच्या फोटोत तर असा फेरफार चालतच नाही. तिथे चेहरा यंत्राने जुळवायचा असतो.

जाहिरातींच्या बाबतीत काही देशांनी कायदे केले आहेत. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून मॉडेलच्या शरीराची ठेवण बदललेल्या व्यावसायिक फोटोवर तसं छापावं लागतं. नॉर्वेत जुलै 2022 पासून समाजमाध्यमांवरून जाहिरात करणाऱ्यांनाही फेरफार केलेल्या फोटोवर खूण करावी लागते. भारतात जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने 2014 मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांसाठी नियम केले: सावळ्या माणसाला जाहिरातीत दुःखी किंवा कमी प्रतीचा दाखवायचं नाही.

पण आपल्याकडची खरी परीक्षा जाहिरातीत होत नाही, ती गल्लीतल्या स्टुडिओत होते. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची आई म्हणते, “दादा, जरा उजळ करून द्या.” ही मागणी प्रेमापोटी आणि धास्तीपोटी येते, म्हणून तिला तुटकपणे उत्तर देऊ नये. फोटोग्राफरने खुर्ची खिडकीजवळ घ्यावी, समोर पांढरा पुठ्ठा धरून सावल्या हलक्या कराव्यात, मुरूम काढावेत, वर्तुळं निम्म्यावर आणावीत आणि तुकतुकी जपावी. चेहरा खरोखरच खुलतो. वर्णाचा स्लाइडर मात्र आहे तिथेच ठेवावा आणि का ठेवला तेही शांतपणे सांगावं. मुलगी समोरच बसलेली असते; आपला रंग हा काढून टाकायचा डाग आहे, असं तिला त्या पडद्यावरून कोणी शिकवता कामा नये.